गुरू-शनीच्या ढगांत माणूस उतरू शकेल का? आणि उतरला तर वर कसा येणार?

अर्धवट_खगोल

गुरूला-शनीला जमीन नाही, त्यामुळे 'उतरणार कशावर?' हे उत्तर तयारच असतं. ते कृपया पुन्हा नको. शुक्रावर तरी जमिनीपर्यंत जायचा हट्ट कोण धरतंय? तिथे साधारण ५४ किमी उंचीवर दाब आणि तापमान बऱ्यापैकी सुसह्य असतं. १९८५ साली सोव्हिएत व्हेगा यानांनी त्याच थरात दोन फुगे सोडले आणि ते जवळजवळ दोन दिवस माहिती पाठवत राहिले. मग वायुग्रहांवर हाच मार्ग का नको?

माझ्या डोक्यातलं चित्र असं: हेलियमचा भला मोठा फुगा, खाली दाबबंद केबिन, दोन माणसं, आठवडाभराचा मुक्काम. यात नेमकं अडतं कुठे? दाबाने केबिन चेपेल, शिरतानाच राख होईल, की किरणोत्सर्ग मारेल? आकडे देऊन सांगा. 'विज्ञान पुढे गेलं की जमेल' छापाचे प्रतिसाद टाळलेत तर उपकार होतील.

ढालकरी

शिरण्यापासून सुरुवात करतो, कारण एवढाच भाग प्रत्यक्षात करून झालेला आहे.

७ डिसेंबर १९९५ ला गॅलिलिओ मोहिमेची ३३९ किलोची कुपी, म्हणजे उपकरणं भरलेलं छोटं यान, गुरूच्या वातावरणात शिरली. हवेच्या तुलनेत तिचा वेग होता सेकंदाला ४७.४ किमी. पृथ्वीच्या खालच्या कक्षेतून परतणारं यान ७.८ च्या आसपास असतं. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून हा फरक सहा पटींचा नाही, सदतीस पटींचा आहे. किलोमागे ३० मेगाज्यूलऐवजी ११२० मेगाज्यूल. ही सगळी ऊर्जा कुठेतरी जिरवायची.

ती जिरवली कार्बन-फिनॉलिकच्या ढालीने. सुरुवातीला ढालीचंच वजन १५२ किलो होतं, म्हणजे कुपीचा जवळजवळ निम्मा भाग. त्यातले सुमारे ८० किलो दोन मिनिटांच्या आत जळून उडून गेले. वेग कमी होतानाचा कमाल झटका २२८ जी, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाच्या २२८ पट. उपकरणं भरलेल्या डब्याला हे सोसतं. माणूस पाठीवर आडवा, साच्यातल्या आसनात असेल तर ८-९ जी काही मिनिटं काढतो. २२८ ला त्याचं काही उरत नाही.

आता ८ जी ची मर्यादा धरून उलट गणित करा. ४७.४ किमी/से वरून शून्यावर यायला ६०० सेकंद लागतात आणि त्या दहा मिनिटांत यान १४,३०० किमी अंतर कापतं. म्हणजे नाक खाली करून शिरणं बाद. वातावरणाच्या वरच्या विरळ थरात जवळजवळ आडवं धावत राहायचं. इथे एक गंमत आहे. त्या वेगाला गुरूचं गुरुत्व यानाला वळवून धरायला पुरत नाही, ते परत अंतराळात निसटू बघतं. म्हणून यान उलटं करून उडवावं लागतं, म्हणजे उचल खालच्या दिशेने मिळेल अशा कोनात. सुरुवातीला ही खाली ओढणारी उचल सुमारे २.६ जी इतकी लागते आणि वेग उतरेल तशी कमी करत न्यावी लागते. कोन थोडा उथळ झाला तर यान सुटून जातं, थोडा तीव्र झाला तर आतल्यांचा चेंदामेंदा.

शिवाय सौम्य प्रवेशाची किंमत वेगळी मोजावी लागते. कमाल तापणूक कमी होते, पण तापण्याचा काळ पाचपट लांबतो आणि उष्णतेला ढालीतून आत झिरपायला वेळ मिळतो. म्हणजे ढाल पातळ नाही, उलट जाड लागते.

एक अवांतर. त्या कुपीचं पॅराशूट ५३ सेकंद उशिरा उघडलं. बहुधा झटका मोजणाऱ्या दोन स्विचांच्या तारा एकमेकींच्या जागी जोडल्या गेल्या होत्या. नशिबाने निभावलं. माणसं आत असताना त्या ५३ सेकंदांत किती खोल जाल, हे फुग्याच्या हिशोबात लागणारच आहे.

बुडीमास्तर

दाबाची भीती उगाच आहे. गॅलिलिओची कुपी ५८ मिनिटं बोलत राहिली आणि २२ बार दाब, १५३ अंश सेल्सिअस या ठिकाणी गप्प झाली. तिला दाबाने चिरडलं नाही, उष्णतेने तिचं प्रक्षेपक यंत्र बंद पाडलं.

१ बार म्हणजे साधारण पृथ्वीवरच्या हवेचा दाब. २२ बार म्हणजे समुद्रात सुमारे २१० मीटर. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेच्या मत्स्य-६००० या माणसं नेणाऱ्या पाणबुडीचा टायटॅनियम मिश्रधातूचा गोळा २.१ मीटर आतल्या व्यासाचा, ८० मिमी जाडीचा आहे आणि तो ६००० मीटर खोलीसाठी, म्हणजे ६०० बारसाठी आखलेला आहे. वायुग्रहावर फुगा तरंगेल त्या थरात दाब १ ते १० बार. त्यासाठी इतकी जाड भिंत लागत नाही. फक्त एवढंच की अंतराळयानाची भिंत आतून बाहेर येणारा दाब पेलते आणि इथे दाब बाहेरून आत. पातळ पत्रा ताणाला टिकतो, पण बाहेरून दाबला की अचानक आत वळतो. म्हणून आतून कड्यांचा आधार द्यावा लागतो आणि वजन वाढतं.

दुसरा पर्याय म्हणजे केबिनमध्येही बाहेरच्या इतकाच दाब ठेवायचा. समुद्री तेलविहिरींवर काम करणारे पाणबुडे दाबाच्या खोलीत आठवडेच्या आठवडे असेच राहतात. १० बारला मिश्रण असं: ऑक्सिजनचा आंशिक दाब ०.४ बार, बाकी जवळजवळ सगळा हेलियम. म्हणजे ऑक्सिजन फक्त ४ टक्के. हा आकडा इथे दुहेरी कामाचा आहे. बाहेर सगळा हायड्रोजन, आत ऑक्सिजन, मग गळती झाली तर स्फोट होणार असं कुणालाही वाटेल. पण ज्या वायूत ऑक्सिजन ४ टक्क्यांच्या आत आहे, त्यात हायड्रोजन मिसळला तरी पेट घेत नाही. याच आधारावर फ्रान्सच्या कोमेक्स कंपनीने पाणबुड्यांना हायड्रोजन-मिश्रित वायू श्वासासाठी दिला. १९८८ मध्ये खुल्या समुद्रात ५३४ मीटर, १९९२ मध्ये दाबकोठडीत ७०१ मीटर. थोडक्यात, हायड्रोजन फुप्फुसात घेऊन माणसं जगलेली आहेत. उलट केबिन पृथ्वीसारखी १ बार आणि २१ टक्के ऑक्सिजनची ठेवली, तर एक सैल सील पुरेसं आहे.

याचे त्रास असे. हेलियम अंगातली उष्णता ओढून घेतो, त्यामुळे केबिन ३० अंशांच्या आसपास ठेवावी लागते. एक-दोन अंश उतरले की हुडहुडी भरते. बोलणं बदकासारखं होतं, रेडिओला आवाज सुधारणारी यंत्रणा लागते. आणि १० बारवरून १ बारवर यायला चार दिवस. वर जाताना घाई झाली तरी हे चार दिवस चुकत नाहीत, म्हणजे परतीची कुपीही अंतराळाच्या पोकळीत १० बार धरून ठेवणारी हवी. ती जड होते.

खरा प्रश्न वजनाचा. गुरूच्या विषुववृत्ताजवळ सुमारे २.४ जी. उभं राहिल्यावर हृदयापासून मेंदूपर्यंतच्या ३० सेंटीमीटर रक्ताच्या स्तंभाला पृथ्वीवर सुमारे २३ मिमी पारा इतका दाब खर्च होतो. तिथे ५६ मिमी होईल. तासभर बसून काढाल, पण उभं राहून काम करायला गेलात की डोळ्यांपुढे अंधारी. आठवडाभर बहुतेक वेळ आडवंच. शनीच्या विषुववृत्तावर मात्र ०.९ जी, अगदी घरच्यासारखं.

फुगेशास्त्र

मूळ प्रश्नातलं 'हेलियमचा फुगा' तेवढं खोडून टाका. दगडासारखा बुडेल.

पृथ्वीवर हेलियम वर जातो, कारण हवेचा रेणुभार २९ आणि हेलियमचा ४. शुक्रावर आजूबाजूला कार्बन डायऑक्साइड, रेणुभार ४४. तिथे तर आपली श्वासाची हवासुद्धा फुग्यात भरली तरी तरंगते. गुरूच्या वातावरणाचा सरासरी रेणुभार २.३ आहे. त्यात ४ चा वायू भरलात तर तो ओझंच. हेलियमहून हलका एकच वायू, हायड्रोजन, रेणुभार २. गुरूवर १ बारला तापमान उणे १०८ अंश, घनता घनमीटरला १६८ ग्रॅम. त्याच तापमानाचा शुद्ध हायड्रोजन भरला तर घनमीटरमागे उचल मिळते फक्त २० ग्रॅम. पृथ्वीवर हायड्रोजनच्या फुग्याला एक किलोहून जास्त मिळते.

म्हणून एकच मार्ग: आजूबाजूचाच वायू आत घेऊन तापवायचा. गरम हवेचा फुगा, फक्त हवा हायड्रोजनची. गुरूच्या २.४ जी मुळे उचलीचं गणित बिघडत नाही, कारण वजन आणि तरंगणं दोन्ही एकाच प्रमाणात वाढतात. बिघडते ती कापडाची आणि दोऱ्यांची ताकद.

शनीसाठी आकडे मांडतो, कारण माणसाला तोच बरा. १ बारला उणे १३९ अंश, घनता साधारण २०० ग्रॅम. आतला वायू १०० अंशांनी जास्त गरम ठेवला तर उचल घनमीटरला ८४ ग्रॅम. केबिन, भट्टी, कापड सगळं मिळून १०० टन धरलं तर आकारमान सुमारे १२ लाख घनमीटर, म्हणजे १३१ मीटर व्यासाचा गोळा. हिंडेनबर्ग हे जर्मन हवाई जहाज २ लाख घनमीटरचं होतं, त्याच्या सहापट. खाली १० बारला उतरलात तर तापमान उणे ५ अंशांच्या आसपास आणि घनता पाचपट. तोच भार ८९ मीटरच्या गोळ्यात मावतो. म्हणजे खोल गेलं की फुगा लहान होतो आणि हवामानही माणसात येतं, पण तिथून निघणं अवघड होतं.

आता उष्णता. १३१ मीटरच्या गोळ्याचं पृष्ठफळ ५४,००० चौरस मीटर. साध्या एकेरी कापडातून चौरस मीटरला अंशामागे ५ वॅट गळती धरली तर सतत २७ मेगावॅट. दुहेरी भिंत करून ती पाचव्या हिश्शावर आणली तरी साडेपाच मेगावॅट. इथे फोम-लोकर चालत नाही, कारण त्यांच्या पोकळीत हायड्रोजन शिरतो आणि तो साध्या तापमानाला हवेच्या सातपट उष्णता वाहून नेतो. शनीवर गेलेल्या कॅसिनी यानात ३३ किलोच्या आसपास प्लुटोनियम डायऑक्साइड होतं, त्याची एकूण उष्णता १३ किलोवॅट. म्हणजे प्लुटोनियमचे डबे विसरा, खरी अणुभट्टी लागेल. सूर्यही नाही. शनीपाशी चौरस मीटरला जेमतेम १५ वॅट पोचतात, तेही ढगांच्या वर.

सगळ्यात मोठी गोची फुगा पहिल्यांदा भरताना आहे. १२ लाख घनमीटर वायूचं वजन १३४ टन. तो १०० अंशांनी तापवायला सुमारे १६० गिगाज्यूल लागतात. साडेपाच मेगावॅटची भट्टी आठ तास घेईल. तेवढ्या वेळात यान पॅराशूटवर खाली घसरतंय, आणि वर सांगितलंच आहे की गुरूवर तासाभरात कुपी २२ बारला पोचली होती. म्हणून सुरुवातीच्या तासापुरती भट्टीची ताकद ५० मेगावॅट हवी, नंतर तिच्या नवव्या हिश्शावर भागतं. किंवा अंतराळातूनच हायड्रोजन नेऊन भट्टीचा गाभा थंड करता करता तो गरम वायू फुग्यात सोडायचा. दोन्हीत एकच संधी मिळते. कापडाची घडी अडकली तर पुन्हा प्रयत्न नाही, खाली थांबायला काही नाही.

अर्धवट_खगोल

हेलियमबद्दल खजील आहे. पण म्हणजे चित्र पूर्ण बाद नाही ना? शनी, गरम हायड्रोजनचा फुगा, अणुभट्टी, १० बार, पाणबुड्यांची हवा. आता परत कसं यायचं?

टप्पा_दुसरा

आता मुद्द्यावर आलात. आत जायला वातावरण फुकटात ब्रेक लावतं. बाहेर पडायला तेवढाच वेग स्वतः कमवावा लागतो.

ढगांलगतच्या कक्षेचा वेग गुरूला सेकंदाला ४२ किमी, शनीला २५. दोघेही दहा-साडेदहा तासांत स्वतःभोवती फिरतात, त्यामुळे विषुववृत्तावरून पूर्वेकडे सुटलं तर गुरू १२.६ आणि शनी ९.९ किमी/से आयते देतो. उरतात गुरूला २९.५ आणि शनीला १५. गुरुत्वाशी झगडण्याचं आणि घर्षणाचं नुकसान दोनेक किमी/से वेगळं. पृथ्वीवर सगळं मिळून ९.४ लागतात.

रॉकेटचं समीकरण इथे निर्दय आहे, घातांकी. हायड्रोजन-ऑक्सिजनच्या उत्तम इंजिनातून मागे सुटणाऱ्या झोताचा वेग ४.४ किमी/से. गुरूवरून नुकसान न धरताही निघतानाचं वजन पोचतानाच्या वजनाच्या ८०० पट. पाच टनांची कुपी कक्षेत न्यायला ४००० टनांचं रॉकेट, तेही टाक्या बिनवजनाच्या मानून, फुग्याला टांगलेलं. रासायनिक इंजिनाने गुरूवरून परतणं इथेच संपलं. शनीवरून नुकसानीसह १७ धरले तर ४८ पट.

म्हणून अणुइंजिन: भट्टीतून हायड्रोजन तापवून मागे फेकायचा, झोत ८.८ किमी/से. अशा भट्ट्या अमेरिकेने नेवाडात १९६० च्या दशकात जमिनीवर चालवून पाहिल्या, १९६८ ची फीबस-२ए ४००० मेगावॅटपर्यंत गेली होती. त्या झोताने गुरू ३६ पट, शनी ७ पट. हायड्रोजन फार हलका, टाकी मोठी लागते. टाकी इंधनाच्या १० टक्के धरली तर एका टप्प्यात ११ पटींच्या वर जाताच येत नाही. गुरू इथेही नापास, शनी काठावर पास.

काठावर म्हणजे किती? एकूण वजनाच्या सातव्या हिश्शातून टाकी वजा केली की इंजिन आणि कुपीसाठी साधारण ५.७ टक्के उरतात. ते २५ टन हवेत तर रॉकेट ४४० टनांचं. ते निव्वळ तोलून धरायलाच ४ मेगान्यूटनच्या घरात रेटा हवा आणि त्या झोताला त्यासाठी भट्टीची ताकद लागते जवळजवळ १९ गिगावॅट. फीबस-२ए सारख्या पाच भट्ट्या. एकेक भट्टी काही टनांची, त्यामुळे २५ टनांचा हिशोब भट्ट्यांनीच खाल्ला, कुपीला जागाच नाही. टप्पे करून, इंजिन हलकं करून हे सुटू शकतं, पण हाताशी असलेल्या कुठल्याही यंत्राने सुटत नाही.

जमेची बाजू, इंधन न्यावं लागत नाही, आजूबाजूला तेच आहे. ३७५ टन हायड्रोजन द्रवरूप करायला, पृथ्वीवरच्या कारखान्यांसारखा किलोमागे ११ युनिट वीज धरली तर ५ मेगावॅटवर ३४ दिवस. शनीवर वायू आधीच थंड, त्यामुळे थोडं कमी. हेलियम वेगळा करायची कटकट नाही, कारण हायड्रोजन उणे २५३ ला द्रव होतो आणि हेलियम वायूच राहून सुटतो. मात्र आठवड्याचा मुक्काम महिन्याचा झाला, आणि फुगा १०० टनांचा राहिला नाही. टाक्या भरत जातील तशी उचल वाढवत न्यायची, शेवटी ५०० टनांच्या वर.

पहिले अडीच-तीन किमी/से रॉकेटशिवाय मिळवता येतील. भट्टीचंच रॅमजेट करायचं, समोरून शिरणारा हायड्रोजन तापवून मागे सोडायचा. १९६४ मध्ये टोरी-२सी हे अणु-रॅमजेट नेवाडातच जमिनीवर पाच मिनिटं चाललं होतं. शनीच्या वातावरणात ध्वनीचा वेग साडेआठशे मीटर प्रतिसेकंद, म्हणजे तिप्पट वेगाला अडीच किमी/से. त्यानंतर रॉकेट. मग गुणोत्तर ७ वरून ५ वर येतं. आकडा लहान दिसतो, पण ४४० टनांचे जवळजवळ निम्मे होतात.

ढालकरी

वरच्या प्रतिसादात कडी विसरलीत. शनीवर विषुववृत्तावरून सुटून विषुववृत्तीय कक्षेत गेलात तर शनीच्या टायटन या चंद्रापर्यंतचा पुढचा मार्ग कड्यांच्याच पातळीतून जातो, म्हणजे हजारो किमी बर्फाच्या खड्यांतून. कॅसिनीने २०१७ मध्ये कडी आणि ग्रह यांच्यामधल्या सुमारे २००० किमीच्या फटीतून २२ फेऱ्या मारल्या, पण त्या तिरक्या कक्षेत होत्या, पातळी क्षणात ओलांडून. पहिल्या फेरीला तिने चार मीटरची तबकडी ढालीसारखी पुढे धरली होती. ३० अंश अक्षांशावरून सुटून तिरकी कक्षा घेतली तर फिरण्याचा फायदा घटतो, दीड-दोन किमी/से वाढतात. तुमचे ७ चे पावणेनऊ होतात.

टप्पा_दुसरा

मान्य. हे धरलं नव्हतं. मग रॅमजेट ऐच्छिक नाही, सक्तीचं.

फुगेशास्त्र

इतकं करण्यापेक्षा युरेनस का नको? लोक त्याला विसरतात. ०.८९ जी, ढगांलगतच्या कक्षेसाठी हवेच्या तुलनेत फक्त साडेबारा किमी/से, नुकसानीसह १४ धरा. अणुइंजिनाला ५ पट. कडी बारीक, किरणोत्सर्ग गुरूच्या तुलनेत किरकोळ. १ बारला उणे १९७ अंश आहे, पण गरम फुग्याला थंड बाहेर फायद्याचंच. काटेकोरपणे तो वायुग्रह नाही, हिमग्रह म्हणतात, पण वरचं वातावरण हायड्रोजन-हेलियमचंच.

पट्टेपंडित

फायद्याचं, पण पोचायचं कधी? व्हॉयेजर २ ला साडेआठ वर्षं लागली, तेही न थांबता पुढे जाताना. थांबायचं तर आणखी.

हा प्रवास मोजायला कुणी घेतला नाही म्हणून लिहितो. क्युरिऑसिटी या मंगळगाडीवरच्या मापकाने मंगळाच्या वाटेवर दिवसाला सुमारे १.८ मिलिसीव्हर्ट नोंदवले (सीव्हर्ट हे शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाचं माप). हे वैश्विक किरण, ॲल्युमिनियमच्या पत्र्याने थांबत नाहीत. कॅसिनीला शनीला पोचायला पावणेसात वर्षं लागली. त्या हिशोबाने नुसतं जातानाच ४ सीव्हर्टच्या वर. नासाची अंतराळवीराच्या पूर्ण कारकिर्दीची मर्यादा ०.६ सीव्हर्ट आहे. म्हणजे फुगा आणि भट्टीच्या आधी, वर्षभरात शनी गाठणारं यान हवं. सलग अंतराळात राहण्याचा विक्रम आजही ४३७ दिवसांचा आहे, १९९४-९५ मधला.

गुरू जवळ आहे, पण त्याच्याभोवती किरणोत्सर्गाचे पट्टे आहेत. चुंबकीय क्षेत्रात अडकलेले इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात आणि रेडिओ लहरी सोडतात. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीनेही त्या टिपल्या आहेत. गुरूच्या चंद्रांपैकी आयोवर उघड्यावर दिवसाला ३६ सीव्हर्ट, युरोपावर ५.४, गॅनिमीडवर ०.०८, कॅलिस्टोवर ०.०००१. माणूस मरायला ४-५ सीव्हर्ट एकदम पुरतात. गुरूच्या ढगांकडे सरळ उतरताना या पट्ट्यांत सहाएक तास जातात. आयोच्या दराने ९ सीव्हर्ट, तेही फक्त जातानाचे. जुनो यानाने दोन युक्त्या केल्या: ध्रुवांवरून येणारी ५३ दिवसांची लांबट कक्षा, म्हणजे पट्ट्यांत कमीत कमी वेळ, आणि नाजूक यंत्रं एक सेंटीमीटर जाड टायटॅनियमच्या पेटीत. माणसाला ध्रुवावरून शिरता येईल, पण मग फिरण्याचे १२.६ किमी/से हातचे गेले. प्रवेश सत्तेचाळीसऐवजी साठीच्या घरात आणि परत येताना पूर्ण ४२ लागतील.

ढगांत एकदा पोचलात की किरणोत्सर्गाची काळजी संपते, वरचा वायूच ढाल होतो. मरण वाटेत आहे.

म्हणून नासाने २००३ च्या एका अभ्यासात बाह्य ग्रहांकडे माणूस पाठवायचा विचार केला, तेव्हा मुक्काम ठरवला तो कॅलिस्टोवर. घट्ट जमीन, पाण्याचं बर्फ, ०.१३ जी, मुक्तिवेग अडीच किमी/से च्या आत. तिथे बसून गुरूच्या ढगांत यंत्राचे फुगे सोडायचे. संदेश पोचायला सव्वासहा सेकंद. पृथ्वीवरून तेच ३३ ते ५४ मिनिटं, आणि वादळात सापडलेला फुगा तेवढा वेळ थांबत नाही.

अर्धवट_खगोल

तर क्रम असा दिसतो: सगळ्यात अवघड परत निघणं, मग वाटेतला किरणोत्सर्ग, मग शिरणं, मग फुगा भरणं, आणि मी ज्याला घाबरत होतो तो दाब सगळ्यांत शेवटी. हरकत असेल तर सांगा. आणि एक हौसेचा प्रश्न: कॅलिस्टोवरून गुरू केवढा दिसेल?

टप्पा_दुसरा

क्रम बरोबर. युरेनससाठी पहिले दोन उलटे करा.

पट्टेपंडित

४.३ अंश, म्हणजे आपल्या चंद्राच्या आठपटींहून थोडा जास्त रुंद. हात लांब करून तीन बोटं जोडून धरलीत तर जेमतेम झाकला जाईल. कॅलिस्टोची एकच बाजू कायम गुरूकडे असते, त्यामुळे तो उगवत नाही की मावळत नाही, आकाशात एका जागी खिळलेला. पावणेसतरा दिवसांत अमावस्येपासून पौर्णिमेपर्यंत जाऊन परत. तांबडा डाग दहा तासांनी फिरून समोर येतो. तळ कुठे बांधायचा ते मात्र आधी ठरवा. पलीकडच्या बाजूला बांधलात तर गुरू कधीच दिसणार नाही.